थंडरबर्डमधील हरवलेले पत्ते

प्रश्न : ताडोबास येणाऱ्या प्रवाशांसाठी आम्ही मोहर्लीत निवासाची व्यवस्था चालवतो. संगणकावरील थंडरबर्डची आवृत्ती बदलताच सहा हंगामांचे पत्ते नाहीसे झाले. १ ऑक्टोबरला गाभा क्षेत्र उघडते. तोवर ते मिळतील काय? – एक वाचक, मोहर्ली

उत्तर : पत्ते नष्ट झाले असण्याचा संभव अल्प आहे. जुनी पत्रेही दिसत नसतील, तर नव्या आवृत्तीने आपले दप्तर न उघडता स्वतःचे कोरे दप्तर, म्हणजे नवे प्रोफाइल, उघडले असे समजावे. २०१९ पासून ही खोड थंडरबर्डला जडली आहे. ‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ येथून प्रोफाइलांची यादी काढून जुने प्रोफाइल मुक्रर करावे.

पत्रे शाबूत असून केवळ पत्तेच गहाळ असतील, तर मामला निराळा. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपर्यंत पत्ते ‘एबुक.मॅब’ या मॉर्क नावाच्या स्वरूपातील फाइलीत नांदत. त्या आवृत्तीने ते ‘एबुक.एस्क्यूलाइट’मध्ये उतरवून घेतले आणि अस्सल फाइलीस ‘.बॅक’ ही शेपटी जोडून तिथेच ठेवली. उतरवताना वीज गेली (पावसाळ्यात आपल्याकडे ती जातेच!) की नक्कल अर्धवट राहते. तेव्हा थंडरबर्ड बंद करून संपूर्ण प्रोफाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. त्या प्रतीतील अस्सल फाइलीची शेपटी काढावी आणि ‘टूल्स’मधील ‘इम्पोर्ट’ने ती मॉर्क फाइल म्हणून दाखल करावी. मात्र त्याआधी काहीही पुसू नये, पुनःस्थापनाही करू नये. आपण पत्रोत्तरे दिलेल्या प्रवाशांचे पत्ते ‘कलेक्टेड अॅड्रेसेस’मध्येही सापडतील.