घाटातला पाऊस आणि ब्रेकचे रबर

आजरा सोडलं तेव्हा पाऊस देशावरचा होता, येत-जात पडणारा. आंबोली जवळ आली तसा तो कोकणातला झाला. आंबोलीत वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यात त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. हे वाचून माहीत होतंच. पंचेचाळीस-पन्नास किलोची बाई सामानासह तोच पाऊस अंगावर घेत एकटी घाट उतरते तेव्हा त्या आकड्याचा अर्थ कळतो.

कोल्हापूरहून आंबोलीमार्गे सावंतवाडी, तिथून किनाऱ्याने गोवा असा बेत होता. जुलै महिना. सायकल साधी, लोखंडी फ्रेमची, रिमला रबर दाबणारे ब्रेक. निघण्याआधी चारही रबर नवे टाकले होते. भिजण्याची तयारीही झकास होती. पण पावसाळी सायकलप्रवासात भिजणं ही सगळ्यात किरकोळ अडचण आहे, आणि तयारी आपण तिचीच सगळ्यात जास्त करतो.

घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे दिवे अंगावर आल्यावरच दिसायचे. ओल्या रिमवर ब्रेक दाबला की पहिल्या एक-दोन फेऱ्यांत रबर नुसतं पाणी पुसतो. पकड त्यानंतर येते. तेवढ्यात सायकल बरीच पुढे गेलेली असते. हे जमेला धरून मी उतरत होते. धरलं नव्हतं ते मातीला. दरडीवरून वाहून आलेली तांबडी माती आणि बारीक कच चाकाबरोबर वर येते, रबर आणि रिम यांच्यामध्ये शिरते आणि दोन्ही घासून काढते. वळणागणिक लिव्हर हँडलच्या जवळ यायला लागला. वायरचा स्क्रू फिरवून ताण वाढवला, चार वळणांनी पुन्हा तेच. शेवटी स्क्रू संपला. उतरून पाहिलं तर पुढच्या रबराच्या खाचा गेलेल्या, कडेला काळा चिखल, आणि उरलेल्या रबरात रिमचे चांदीसारखे चमकणारे कण रुतलेले. सकाळपर्यंत हा रबर कोरा करकरीत होता.

मग सायकल हातात धरून चालायला लागले. थंडी वाजायला सुरुवात झाली ती इथेच. पेडल मारताना शरीर स्वतःची ऊब तयार करतं. उतारावर ती बंद होते आणि ओल्या कपड्यांवरून वारा जातो. वीस अंशांच्या हवेतही माणूस गारठून जाऊ शकतो, त्यासाठी हिमालयात जावं लागत नाही. खाऊन घ्यावं म्हणून चिक्कीचं पाकीट काढलं आणि ते मला फाडता येईना. बोटं ऐकत नव्हती. शेवटी दातांनी फाडलं. ही खूण ध्यानात ठेवा. बटण लागत नाही, चेन ओढता येत नाही, जीभ जड होते, उगाच चिडचिड होते, यांतलं काहीही सुरू झालं की त्या दिवशीचा प्रवास तिथे संपला असं समजा. त्यापुढे डोकंही नीट चालत नाही, आणि आपलं डोकं चालत नाहीये हे ज्याला कळायला हवं तेही तेच डोकं असतं.

भाजी उतरवून परत निघालेला एक पिकअप थांबला. ‘‘ताई, सायकल टाका मागं. खाली चहा पिऊ, मग काय ते बघा.’’ रिकाम्या क्रेटांमध्ये सायकल आडवी टाकली. काही सायकलवाल्यांना यात कमीपणा वाटतो. सगळं अंतर स्वतःच्या पायांनीच कापलं पाहिजे, नाहीतर त्या सफरीला अर्थ नाही. या अभिमानाला माझा विरोध नाही, तो कोरड्या रस्त्यावर जरूर बाळगावा.

आता मी पावसाळ्यात निघते ती हवामान खात्याचा इशारा बघून. चोवीस तासांत पाऊस ११५.६ मिलिमीटरवर गेला की खातं त्याला अति मुसळधार म्हणतं, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हा हिशेब एकदा मनात करून बघा. ज्या जिल्ह्यातून जायचं त्याला ऑरेंज इशारा असेल तर घाट नाही, रेड असेल तर सायकलच नाही. म्हणून बेत आखतानाच एक दिवस मोकळा ठेवायचा. परतीचं तिकीट आणि रजा यांची गाठ इतकी घट्ट मारलेली असते की माणूस पावसाशी नाही, कॅलेंडरशी भांडत निघतो.

रस्त्यावर पाणी वाहत असलेला फरशी पूल कधीही ओलांडू नये. गुडघ्याच्या बऱ्याच खाली असलेलं वाहतं पाणीही माणसाला पाडतं, आणि खाली फरशी आहे की वाहून गेली हे वरून दिसत नाही. महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल कोसळला तेव्हा एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. सायकलचा तिथे काय पाड! थांबा, गावातल्या माणसाला विचारा, चहा घ्या, नाहीतर मागे फिरा. डबक्यातून सायकल घालू नका. त्याच्या तळाशी खड्डा असतोच असतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि रेल्वेचे रूळ ओले असले की त्यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही. रूळ काटकोनात, सरळ ओलांडायचा.

कोरड्या कपड्यांचा एक जोड दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून सामानाच्या तळाशी ठेवा आणि तो फक्त मुक्कामाला घाला. सकाळी पुन्हा ओलेच कपडे चढवायला जिवावर येतं, पण दोन्ही जोड भिजले की रात्र वाईट जाते. पोंचो टाळा, घाटातल्या वाऱ्यात त्याचं शीड होतं. पावसात तहान लागत नाही, म्हणून पाणी आठवणीने प्यावं. फोनचा पडदा ओल्या बोटांना दाद देत नाही, तेव्हा घरचे दोन नंबर कागदावर लिहून कागद प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवा. पायाला खरचटलं असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठून आलात ते आधी सांगा.

संध्याकाळी लॉजवाल्याकडे बादलीभर पाणी आणि जुनं फडकं मागायचं. आंघोळ सायकलची आधी, आपली नंतर. रिम आणि रबर धुवायचे, रुतलेले कण टोकदार काहीतरी घेऊन काढायचे, साखळी पुसून तेल घालायचं, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. वीस मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक लॉजवाले फडकं देतात.

सावंतवाडीत मला हवे ते रबर मिळाले नाहीत; दुकानदाराने दुसऱ्या मापाचे कापून बसवून दिले, त्यावरच पुढचा रस्ता झाला. तेव्हापासून सीटखालच्या पिशवीत रबरांची एक जास्तीची जोडी आणि ते बसवायची ॲलन की असते. तुम्हीही ठेवा. जोडी शे-दोनशे रुपयांना येते, आणि पाच नंबरची की बहुतेक रबरांना चालते. घरी एकदा लावून बघा.