नाण्यांवरील सम्राज्ञी आणि देवता

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भडोच हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. रोमन साम्राज्यातील गलबते तेथे येत आणि मालाबरोबर सोन्याचांदीची नाणीही आणीत. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असे त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहे. ही वाट तापी व गिरणा यांच्या खोऱ्यांतून, म्हणजेच खानदेशातून, जात असावी. चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगरात असलेल्या पितळखोरे लेण्यांत पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे.

रोमन नाण्यांवर केवळ सम्राटांचेच चेहरे नसत. सम्राट अँटोनायनस पायस याची पत्नी फॉस्टिना इ. स. १४० च्या सुमारास निवर्तली. तिच्या स्मरणार्थ त्याने विपुल नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस वेण्यांचा अंबाडा माथ्यावर बांधलेली फॉस्टिना दिसते. भोवती तिचे नाव असते. दुसऱ्या बाजूस कधी हाती कणसे घेतलेली धान्यदेवता सीरीज, तर कधी जूनो देवीचा मोर असतो. पुढे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याची सीरियात जन्मलेली राणी ज्यूलिया डोम्ना हिच्या नाण्यांवर सौंदर्यदेवता व्हीनस आली. ज्याला अक्षर वाचता येत नसे, त्यालाही कणसावरून धान्यदेवता ओळखता येई. सम्राज्ञीवर देवतेची कृपा आहे, हा संदेश अशा रीतीने हातोहाती दूरवर पोहोचे.

महाराष्ट्रातही राणीचे नाव नाण्यावर आले आहे. सातवाहन राजा सातकर्णी याच्या नावासह त्याची राणी नागनिका हिचे नाव असलेले चांदीचे नाणे उपलब्ध आहे. नाणेघाटातील प्रसिद्ध लेखही तिचाच मानला जातो.

परदेशी नाण्यांचे येथील लोकांना मोठे आकर्षण वाटे. तेर येथे रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. त्या दागिन्यांप्रमाणे अंगावर घालीत.

शेत नांगरताना वा पाया खणताना असे एखादे नाणे हाती लागले, तर ते सोनाराच्या मुशीत जाऊ देऊ नये. वितळल्यावर सोन्याचे वजन तेवढेच राहते. परंतु राणीचा चेहरा, तिचे नाव आणि देवतेच्या हातातील कणीस ही कायमची नाहीशी होतात. म्हणूनच पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. जुन्या कागदपत्रांच्या शोधात आयुष्य वेचणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यास निवर्तले. त्यांनी जुन्या कागदाचे मोल जाणले; तसेच मोल मातीतून वर आलेल्या नाण्याचेही आहे.