तेलाच्या ब्रेकची नळी : घरच्या घरी बदलण्याची रीत

गोमंतकातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या डोंगराळ तालुक्यांत सपाट रस्ता अभावानेच आढळतो. घराच्या अंगणातून निघालेली वाट उतरणीला लागते आणि पावसाळ्याचे चार महिने ती ओलीच असते. अशा वाटेने शाळेला जाणाऱ्या मुलामुलींची सारी भिस्त सायकलच्या ब्रेकवर असते. सळईचे व तारेचे ब्रेक आपल्या परिचयाचे आहेत. अलीकडे गिअरच्या सायकलींबरोबर चकतीवर पकड घेणारे, तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेकही खेड्यापाड्यांत येऊन पोहोचले आहेत. तारेचे पदर तुटू लागले की ते डोळ्यांना दिसतात. तेलाच्या नळीचा दोष मात्र पुष्कळदा लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ध्यानात येत नाही. यास्तव ही नळी केव्हा व कशी बदलावी आणि बदलल्यावर तिची पारख कशी करावी, याचे विवेचन येथे केले आहे.

नळीच्या सांध्याशी तेलाचा ओलावा दिसणे, फ्रेमला घासून नळीचे वरचे आवरण झिजणे, सायकल पडल्याने नळी मुडपणे किंवा तिला चीर जाणे, ही नळी बदलण्याची मुख्य कारणे होत. यांपैकी एकही खूण दिसल्यास ती सायकल उतारावर नेऊ नये.

ब्रेकचे कार्य

बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) याच्या नावाने ओळखला जातो. लिव्हर दाबली की तिच्यामागील लहान दट्ट्या तेलाला रेटतो. तो दाब नळीतून चाकापाशी असलेल्या कॅलिपरमध्ये जातो आणि तेथील मोठे दट्टे ब्रेकपॅडना चकतीवर दाबतात. उदाहरणादाखल, लिव्हरकडील दट्ट्याचा व्यास १० मिलिमीटर आणि चाकाकडील दट्ट्याचा २२ मिलिमीटर धरल्यास त्यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण १०० ला ४८४ असे येते. म्हणजेच मोठ्या दट्ट्यावर जवळजवळ पाचपट जोर पडतो.

शिक्षकांना हा पाठ वर्गात प्रत्यक्ष दाखविता येईल. बिनसुईच्या दोन सिरिंज, एक लहान व एक मोठी, रबरी नळीने जोडून त्यांत पाणी भरावे. लहान सिरिंज दाबताच मोठीचा दट्ट्या जोराने वर सरकतो. नंतर पाण्याऐवजी हवा भरून मोठीच्या दट्ट्यावर बोट ठेवावे. लहान सिरिंज दाबली तरी आतली हवाच आकुंचन पावते व बोटावर पुरेसा रेटा येत नाही. नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा ब्रेकचे नेमके हेच करतो. हाताचा जोर हवा दाबण्यात खर्ची पडतो आणि चाक फिरतच राहते.

तेल कोणते?

या ब्रेकमध्ये दोन निरनिराळ्या जातींची तेले वापरली जातात. शिमानो, माग्युरा, टेक्ट्रो या बनावटीच्या सायकल-ब्रेकांत खनिज तेल असते. इतर काही बनावटींत मोटारीच्या ब्रेकमध्ये चालणारे डॉट ४ किंवा डॉट ५.१ हे तेल असते. ही दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. एका जातीच्या तेलासाठी बनविलेली रबरी कडी दुसऱ्या तेलात फुगते वा खराब होते आणि पुढे ब्रेक निकामी होतो. तेलाचे नाव बहुधा टाकीच्या झाकणावर किंवा लिव्हरवर कोरलेले असते. ते वाचूनच बाटली विकत घ्यावी. घरातील खोबरेल, शिलाई यंत्राचे तेल अथवा इंजिनाचे तेल यांपैकी काहीही चालत नाही.

डॉट तेल हवेतील बाष्प शोषून घेते. कोऱ्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापला की असे तेल उकळून त्याची वाफ होते आणि वाफ हवेप्रमाणेच दबते. म्हणून आपल्या दमट हवेत बराच काळ उघडी राहिलेली डॉट तेलाची बाटली वापरू नये. हे तेल रंग खाते व कातडीलाही अपायकारक आहे. हातमोजे घालावेत आणि डोळे जपावेत.

साहित्य

त्याच बनावटीची नवी नळी, तिच्या टोकाला लागणारी पितळी कडी व पोकळ पिन (दुकानात यांना ऑलिव्ह आणि इन्सर्ट म्हणतात), योग्य तेल, सिरिंज व तिची नळी, लिव्हरच्या टाकीवर बसणारे नरसाळे, ८ मिलिमीटरचा पाना, ॲलन पाने, धारदार पाते, स्वच्छ फडकी आणि एक वाटी एवढे साहित्य आधी जवळ करावे. जुनी पितळी कडी पुन्हा वापरू नये. एकदा आवळल्यावर ती दबून नळीवर घट्ट बसते. दुसऱ्या खेपेस तिची पकड विश्वासार्ह राहत नाही.

कृती

१. सायकल सरळ उभी करावी. उलटी करू नये. चाक काढून चकतीसह दूर ठेवावे. ब्रेकपॅड काढून स्वच्छ कागदात गुंडाळावेत, कारण त्यांना तेलाचा एक थेंब लागला तरी पकड जाते. त्यांच्या जागी प्लॅस्टिकचा ठोकळा बसवावा. मध्ये काही नसताना लिव्हर दाबल्यास दट्टे बाहेर निघून येतात.

२. नळीच्या तोंडावरील रबरी टोपी सरकवून ८ मिलिमीटरच्या पान्याने नट सैल करावा व नळी ओढून काढावी. गळणारे तेल वाटीत धरावे. कॅलिपरकडील टोक आडव्या पोकळ बोल्टने बसविलेले असल्यास त्याच्या रबरी कड्या नव्या घालाव्यात.

३. जुनी नळी नवीशेजारी ताणून ठेवावी व तेवढ्याच लांबीवर खूण करावी. पात्याने एका दमात, काटकोनात छेद घ्यावा. करवत वापरू नये. तिचा कीस नळीत जातो. नळी पूर्वीच्याच मार्गाने बांधून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे. नळी ताणली वा मुडपली जाता कामा नये.

४. नळीवर प्रथम रबरी टोपी, मग नट, मग पितळी कडी ओवावी आणि शेवटी पोकळ पिन नळीच्या तोंडात पूर्ण ठोकून बसवावी. हा क्रम चुकल्यास नळी पुन्हा कापावी लागते. नळी लिव्हरच्या भोकात तळापर्यंत दाबून धरावी व तशीच धरून नट आवळावा. शिमानोच्या बऱ्याच ब्रेकांसाठी ५ ते ७ न्यूटन-मीटर इतका पीळ सांगितलेला आहे. नटापासून १० सेंटिमीटर अंतरावर पाना धरून सुमारे ६ किलोच्या भाराने ओढल्यास तेवढा पीळ बसतो. अन्य बनावटींसाठी त्यांच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

हवा काढणे

हवा वर चढते, म्हणून तेल खालून वर भरावे. लिव्हरची टाकी आडवी येईल असे करून तिच्यावर नरसाळे बसवावे. सिरिंजमध्ये तेल घेऊन तिच्यातील हवा आधी काढून टाकावी, ती कॅलिपरच्या निपलला जोडावी, निपल सैल करावे आणि तेल सावकाश वर ढकलावे. नरसाळ्यात बुडबुडे येऊ लागतील. ते थांबेपर्यंत भरावे व निपल बंद करावे. त्यानंतर नळीवर बोटांनी टिचक्या मारीत लिव्हर हळूहळू अनेकदा दाबावी. लिव्हर कणखर लागू लागली की नरसाळे काढून टाकीचा स्क्रू बंद करावा. सांडलेले तेल पुसून मगच पॅड व चाक बसवावे. वापरलेले तेल विहिरीजवळ, शेतात वा गटारात ओतू नये. बाटलीत भरून गॅरेजमधील टाकाऊ तेलात द्यावे.

परीक्षा

प्रस्तुत लेखक यंत्रविद्येचा पदवीधर नाही. मुलीच्या सायकलची नळी बदलताना नवी पितळी कडी गावात मिळाली नाही, म्हणून त्याने जुनीच वापरली. संध्याकाळी अंगणात ब्रेक उत्तम लागला. सकाळी लिव्हर हँडलला टेकली होती आणि सांध्याखाली वाटीएवढा तेलाचा डाग पडला होता. मुलगी दप्तर घेऊन दारात उभी होती आणि घरापुढे उतार होता. डाग नजरेस पडला म्हणून ती त्या दिवशी चालत गेली.

तेव्हापासून घरी केलेल्या दुरुस्तीला एक रात्र द्यावी, हा नियम आम्ही घरात पाळतो. चाक व पॅड जागेवर असताना लिव्हर दाबून रबराने हँडलला बांधावी आणि प्रत्येक सांध्याखाली पांढरा कागद ठेवावा. सकाळी कागद कोरडा हवा आणि रबर सोडून दाबलेली लिव्हर पूर्वीच्याच जागी कणखर लागली पाहिजे. मग सायकल हाताने चालवीत ब्रेक दाबावा. नंतर सपाट जागी मंद वेगाने, मग थोड्या अधिक वेगाने थांबून पाहावे. पॅड नवे असतील तर मध्यम वेगातून साधारण २० वेळा वेग उतरवावा, म्हणजे पॅड चकतीशी जुळतात. तापलेल्या चकतीला हात लावू नये. ही परीक्षा मोठ्या माणसाने स्वतः करावी; मुलाला उतारावर पाठवून करू नये.

नळी फ्रेमच्या आतून गेलेली असल्यास, दोनदा हवा काढूनही लिव्हर मऊच राहिल्यास किंवा कॅलिपरमधूनच तेल पाझरत असल्यास काम जाणकार कारागिराकडे सोपवावे. त्यात कमीपणा नाही. घरी काम करण्याने चार पैसे वाचतात हे खरे. पण आपले मूल ज्या ब्रेकच्या भरवशावर उतार उतरते तो ब्रेक आपल्याला आतून-बाहेरून ठाऊक होतो, हा त्याहून मोठा लाभ आहे.