कळ कमरेत, कारभार मज्जारज्जूत

सोयाबीन काढणीला आलं की कळंब तालुक्यात कंबर धरलेलं माणूस घराआड सापडतं. दिवसभर वाकून विळा चालवायचा, संध्याकाळी इंजेक्शन घ्यायचं आणि सकाळी पुन्हा पातीला लागायचं. माझंही तेच झालं. एमआरआयमध्ये मणक्यांमधली एक गादी जराशी सरकलेली निघाली. काही आठवड्यांत उतार पडेल, असं सांगितलं गेलं. पण सोयाबीन गेलं, तूरही निघाली, तरी कंबर दुखतच राहिली. पुढे पुढे तर सदऱ्याची शिवण घासली तरी कळ उठायची. घरच्यांना वाटलं, गादी फाटत चालली.

लातूरच्या डॉक्टरांनी उलगडा केला. ठेच लागली की आधी चमक येते, ठणका मागून येतो. चमक आणणारे मज्जातंतू जलद, सेकंदाला पाच ते तीस मीटर धावणारे. ठणक्याचे संथ, सेकंदाला साधारण मीटरभर. दोन्ही मज्जारज्जूच्या मागच्या भागात येऊन थांबतात. तिथून मेंदूकडे किती जाऊ द्यायचं, हे तिथल्या पेशी ठरवतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये याला दाराची उपमा दिली. स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की हे दार ओढून घेतलं जातं. कोपर आपटलं की हात आपोआप चोळायला जातो, तो यासाठीच. आई करडईचं कोमट तेल लावून कंबर रगडायची तेव्हा तासभर बरं वाटायचं. गादी मात्र होती तिथेच होती.

दुसरा लगाम मेंदूकडून येतो. मेंदूच्या बुडातून मज्जारज्जूत उतरणारे तंतू सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन सोडून कळ दाबतात. शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यंही कामी येतात. जागरण, धास्ती, उधारीची चिंता यांनी हा लगाम सैल पडतो. शिवाय कळ महिनोन्‌महिने येत राहिली तर मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात आणि साध्या स्पर्शालाही कळ समजतात. माझी गादी फाटत नव्हती, दुखण्याचा आवाज वाढला होता.

मला ड्युलॉक्सेटिन लिहून दिलं. औषध घेताना कानावर आलं, "ही तर डिप्रेशनची गोळी!" घरात कुजबुज सुरू झाली. मी थेट डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तुम्हाला वेड लागलंय म्हणून नाही दिली. वरून येणारा लगाम घट्ट व्हावा म्हणून दिली." अशी गोळी मिळाली तर लाजू नका, आणि मनानं चालू-बंदही करू नका.

माझ्यासारख्यांना एवढंच सांगेन. अंथरूण धरू नका. झेपेल तेवढं चाला, रोज थोडं वाढवा. शेक, मालीश जरूर घ्या, पण त्यानं गादी "बसते" या भ्रमात राहू नका. झोप सांभाळा. इंजेक्शन मारून मोळी उचलायला जाऊ नका. दुखणं दबतं, वजन तेवढंच असतं. वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या तर पोटात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडं बिघडू शकतात. रिपोर्टमधल्या "गादी सरकली" या शब्दांनी हबकू नका. कधीच कंबर न दुखलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही तेच दिसतं.

मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाय लुळा पडू लागला, तर दाराचा विचार करत बसू नका. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. कंबरदुखीबरोबर ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तरीही तपासणी लांबवू नका. अशा वेळी कळ कमी असली तरी धोका मोठा असू शकतो.