तीन सबंध आणि दोन अर्ध्या

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि कात्री घेऊन कागदाच्या बाहुल्या कापत बसते. अभ्यासाला बस म्हटलं की उत्तर तयार, “हा अभ्यासच आहे, बाईंनीच सांगितलंय!” कागदी बाहुल्यांतून शाळेचे विषय खरंच शिकता येतात, की ही आपली मनाची समजूत? तिला बसू द्यावं की उठवावं?
— एक आई, कराड

उत्तर : बाईंचं खरं आहे, पण एका अटीवर. प्रश्न बाहुलीतूनच निघाला पाहिजे. बाहुलीच्या फ्रॉकवर सातचा पाढा लिहून चिकटवला, तर त्या पाढ्याचं आणि बाहुलीचं नातं फक्त गोंदाचं. असले तक्ते शाळांच्या भिंतींवर काही कमी नाहीत.

आज संध्याकाळी लेकीसोबत एवढं करून बघा. ए-फोर कागद लांबीच्या दिशेने मधोमध कापा. साधारण 30 सेंटिमीटर लांब आणि 10.5 सेंटिमीटर उंच पट्टी मिळेल. ती आडवी धरून मधोमध दुमडा, मग पुन्हा, आणि आणखी एकदा. आठ घरं झाली. आता घडीच्या एका कडेला बाहुलीचा कणा मानून अर्धीच बाहुली काढा, तिचा हात दुसऱ्या कडेला भिडू द्या, कापा आणि उलगडा. हातात हात धरलेल्या चार बाहुल्या निघायला हव्यात. पण कित्येकदा तीनच सबंध निघतात आणि दोन्ही टोकांना एकेक अर्धी, एका हाताची, एका पायाची. मूल हिरमुसतं. मोठी माणसं “अगं, दुसरी कड धरायची होती” म्हणून मोकळी होतात, आणि नेमकं तिथेच शिकणं हुकतं.

त्यापेक्षा विचारा, तीन सबंध आणि दोन अर्ध्या मिळून किती झाल्या? चारच! म्हणजे कागद कमी पडला नाही, बाहुली हरवली नाही. मग बिघडलं कुठे? दुसरी पट्टी तशीच दुमडून तिच्या हातात द्या आणि गप्प बसा. उलटसुलट करून पाहिल्यावर तिला दिसेल की घडीच्या दोन कडा सारख्या नाहीत. एका कडेला नुसत्या घड्या आहेत, दुसरीकडे घड्यांबरोबर पट्टीची दोन सुटी टोकं आहेत. कणा सुट्या टोकांच्या बाजूला धरला की टोकाच्या बाहुल्यांना दुसरा अर्धा भाग मिळणार कुठून? पुस्तकात ‘सममितीचा अक्ष’ म्हणतात तो हाच. तो एकदा असा हाताला लागला, की पुस्तकातली तुटक रेघ परकी वाटत नाही.

ही काही आजकालची टूम नाही. टी. सुंदर राव यांनी कागद दुमडून भूमिती शिकवणारं पुस्तक मद्रासला 1893 साली काढलं, आणि त्याची कल्पना त्यांना बालवाडीतल्या घडीकामावरून सुचली होती. आपल्याकडे वर्ध्याला 1937 साली नई तालीमची मांडणी झाली, तिच्यातही टकळीवर सूत कातता कातता मोजमाप, कापसाचा भूगोल आणि भाषा शिकायची होती. शिक्षक त्याला समवाय म्हणत. टकळीच्या जागी कात्री आली, इतकंच.

आता बाहुलीला नऊवारी नेसवायला सांगा. बाहुली 15 सेंटिमीटरची, बाई 150 सेंटिमीटरची धरली, तर प्रमाण एकास दहा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, तेव्हा बाहुलीचं लुगडं 82 सेंटिमीटरचं. एवढा लांब कागद घरात नसतो, पतंगाचे कागद जोडावे लागतात. जोडताना किती कागद एकावर एक चढला, तोही हिशेबात धरावा लागतो. एवढं करून काष्टा घालायला गेलं की कळतं, घेरदार फ्रॉकच्या आकाराची बाहुली इथे कामाची नाही, तिचे पाय सुटे हवेत. मग काष्टा कशासाठी? शेतात वाकून लावणी करणारी बाई पायात घोळणारी वस्त्रं कशी सांभाळत असेल? हा प्रश्न आजीकडे जाऊ द्या. घरात आजी असेल तर इतिहासाचा तास तिच्यावर सोपवून तुम्ही स्वयंपाकाला लागा.

विज्ञानही फार लांब नाही. बाहुली उभी केली की मान टाकते, ही मुलांची नेहमीची तक्रार. वर्तमानपत्र आधी उभं फाडा, मग आडवं. एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागतात. बाहुलीची उंची त्या दिशेने धरून कापली तर ती जास्त ताठ राहते.

भाषेचं म्हणाल तर ती आपोआप येते, बाहुली झाली की तिला नाव लागतं, गाव लागतं, भांडण लागतं. लंडनमध्ये 1810 साली ‘लिटल फॅनी’ नावाची छापील कागदी बाहुली विकायला आली, ती गोष्टीच्या पुस्तकासह. डोकं एकच, आणि गोष्ट पुढे जाईल तसं ते वेगवेगळ्या पोशाखांत खोवायचं.

पण सगळे विषय बाहुलीच्या गळ्यात मारू नका. पाढे पाठच करावे लागतात, आणि शुद्धलेखन लिहूनच सुधारतं. परीक्षेत यामुळे किती गुण वाढतील, असं विचाराल तर त्याचं वचन मी देणार नाही.

तेव्हा बसू द्या तिला. कात्री मात्र बोथट टोकाची द्या, आणि तीन घड्यांवर थांबायला सांगा. चौथ्या घडीला सोळा थर होतात आणि घरातली कात्री सरकू लागते.