धुरा, वावर आणि नदीचे पाणी

जलप्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. कारखाना, त्यातून निघालेला काळा पाइप आणि फेसाळलेली नदी. पर्यावरणाच्या पेपरात आपण हीच आकृती काढतो आणि मार्कही मिळतात. १९७४ चा जलप्रदूषण कायदासुद्धा मुख्यतः या पाइपासाठीच आहे. पण आपल्या बुलडाणा जिल्ह्यात नद्यांच्या काठाने चालत गेलात तर असे पाइप किती दिसतील? दिसेल ती शेती. कपाशी, सोयाबीन, तूर, मका. मग इथल्या नद्या पहिल्या पावसात चहासारख्या लाल-काळ्या का होतात, याचं उत्तर नदीत नाही, वावरात शोधावं लागतं.

आधी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडे दोन शब्द रोजच्या बोलण्यात आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर पैनगंगा उगम पावते. तिचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला जातं. घाटातून उत्तरेला उतरणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा पूर्णेला मिळतात आणि ते पाणी तापीतून अरबी समुद्राला जातं. एकाच जिल्ह्यात दोन समुद्रांचं पाणी! पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पूर्णेच्या काठची शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडची बरीच गावं खारपाणपट्ट्यात आहेत. तिथे विहीर खणली तर खारं पाणी लागतं. ते कोणी केलेलं प्रदूषण नाही, जमिनीतच क्षार आहेत. म्हणजे या गावांना पिण्यासाठी भरवसा उरतो तो डोंगराकडून येणाऱ्या गोड्या पाण्याचा. वरच्या माणसाने वावर कसं राखलं यावर खालच्या माणसाचा हंडा अवलंबून आहे.

आता वावरातून नदीत नेमकं काय जातं ते बघू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. तासाभरात चाळीस मिलिमीटर कोसळला तर चार लाख लिटर. समजा त्यातलं पाव पाणी, म्हणजे एक लाख लिटर, उताराने वाहून गेलं आणि लिटरला फक्त पाच ग्रॅम माती घेऊन गेलं, तर एका पावसात पाच क्विंटल माती गेली. उताराच्या दिशेने नांगरट असेल तर प्रत्येक तास हा एक छोटा पाट होतो. पाण्याचा वेग वाढला की माती उचलण्याची त्याची ताकद त्याहून कितीतरी पटीने वाढते, हे आपण हायड्रॉलिक्समध्ये शिकलोच आहोत. या मातीच्या बारीक कणांना खतातला फॉस्फरस चिकटून बसतो. तो धरणात साचला की शेवाळं माजतं.

यावर उपाय जुनाच आहे. समतल चर, ढाळीचे बांध, कंपार्टमेंट बंडिंग, नाल्यात दगडी बांध आणि हे सगळं माथ्याकडून पायथ्याकडे. तंत्र अवघड नाही, अवघड आहेत माणसं. कारण उताराला सातबारा कळत नाही. मधल्या एकाच शेतकऱ्याने बांध घातला आणि वरच्याने नाही घातला, तर वरचा लोंढा मधल्याचा बांध फोडून जातो. मग मधला म्हणतो, आपण कशाला उगाच? आणि आपल्याकडे धुऱ्याचा विषय निघाला की काय होतं हे खेड्यातून आलेल्या मुलांना सांगायला नको. वीतभर धुऱ्यापायी दोन भाऊ कोर्टात वीस वीस वर्षं भांडतात. अशा ठिकाणी सगळ्यांनी मिळून बांध घालायचे म्हणजे आधी माणसांची बांधबंदिस्ती करावी लागते.

हे आपल्या जिल्ह्यात झालेलं आहे. मोताळा तालुक्यातलं सिंदखेड (जिजाऊंचं सिंदखेडराजा नव्हे, ते घाटावर) २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत राज्यात दुसऱ्या क्रमांकाचं संयुक्त मानकरी ठरलं. पानी फाउंडेशनच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत ७५ तालुके होते आणि काम ४५ दिवसांत करायचं होतं. एप्रिल-मेच्या उन्हात! या स्पर्धेची एक गोष्ट मला इंजिनिअरिंगच्या दृष्टीने फार हुशारीची वाटते. गुण एकट्या शेतकऱ्याला नव्हते, गावाला होते. पाणलोटाचं गणित जसं सगळ्यांचं मिळून असतं, तसंच बक्षिसाचंही ठेवलं.

त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेने शासनाबरोबर जिल्ह्यातल्या तलाव-धरणांतला गाळ काढायचं काम घेतलं. १३४ जेसीबी आणि पोकलेन लावली होती. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजना २०१७ ची. तेव्हा तिच्यात यंत्राच्या डिझेलचा खर्च शासनाचा आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा होता. लोकांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावून गाळ वावरात नेला. चांगलंच झालं. पण जरा विचार करा, हा गाळ आला कुठून? आपल्याच वावरातून! म्हणजे फुकट गेलेली माती आपण भाडं देऊन परत आणली. बांध न घालण्याची किंमत कोणाला विचारायची असेल तर त्या ट्रॉलीचं भाडं विचारा.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरी अडचण पुढे आहे, आणि जलसंधारणाच्या भाषणांत ती सहसा येत नाही. बांधाने माती अडते, मातीला चिकटलेला फॉस्फरसही अडतो. पण युरियातून तयार होणारा नायट्रेट मातीला चिकटत नाही, तो पाण्यात विरघळतो. बांधाने अडलेलं पाणी जमिनीत मुरतं तेव्हा तो त्याच्यासोबत विहिरीत उतरतो आणि हिवाळ्यात झऱ्यांवाटे नदीत येतो. म्हणजे बांधबंदिस्तीने नदी नितळ होईल, पण नितळ पाणी शुद्धच असेल असं नाही.

थोडा हिशोब करू. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. त्याचा पूर्ण नायट्रेट झाला तर साधारण ९२ किलो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. भागाकार केला तर उत्तर येतं वीस लाख लिटर! गोणीतला दहावा हिस्सा जरी पिकाला न लागता झिरपला, तरी दहा हजार लिटरचे वीस टँकर शुद्ध पाणी मर्यादेच्या काठावर येतं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे अचानक केस गळू लागले, तेव्हा पाण्याचे नमुने तपासले गेले आणि त्यांत नायट्रेट जास्त निघाला. केसगळतीसाठी पुढे सेलेनियमकडे बोट दाखवलं गेलं, ती गोष्ट वेगळी. पण नायट्रेट पाण्यात होताच, तो शोधायला केस गळावे लागले.

युरिया वाया गेला तर शेतकऱ्याला फारसं दुःख का होत नाही? कारण अनुदानामुळे गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. त्यामुळे 'टाका अजून अर्धी' हे सोपं जातं. माती परीक्षण करून, एकदम न फेकता दोन-तीन हप्त्यांत, पावसाची उघडीप पाहून खत दिलं तर झिरपणं कमी होतं. इथेही एकट्याने करून विहीर सुधारत नाही, कारण विहिरीत शेजारच्या वावराचंही पाणी येतं. पानी फाउंडेशनने पुढे फार्मर कप ही गटशेतीची स्पर्धा सुरू केली, तिच्यात गटाने मिळून शेतीखर्च कमी करण्यावर भर आहे. नायट्रेटचा प्रश्न सुटला तर अशा गटांतूनच सुटेल, असं मला वाटतं.

वरच्याने खालच्यासाठी खर्च का करावा, हा प्रश्न अमेरिकेतही आला होता. न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी कॅटस्किल भागातल्या डोंगराळ, शेतीच्या मुलखातून येतं. गाळणी प्रकल्प बांधायचा तर सहा अब्ज डॉलरच्या वर खर्च होता. शहराने वरच्या शेतकऱ्यांशी बोलणी केली, १९९३ मध्ये शेतकऱ्यांची परिषद झाली आणि १९९७ मध्ये मोठा करार झाला. ओढ्याकाठी गवत-झाडांचा पट्टा, गुरांना कुंपण, शेणासाठी पक्के खड्डे. खर्च शहराचा, सहभाग स्वखुशीचा. अट मात्र एक होती, पाच वर्षांत ८५ टक्के शेतकरी सामील झाले पाहिजेत. ते झाले. आपल्याकडे असं पैसे देणारं शहर खाली नाही, हे खरं. पण वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला २०२४ मध्ये राज्याने मंजुरी दिली आहे, सुमारे ४२६ किलोमीटर कालव्याने पाणी नळगंगा धरणापर्यंत आणायचं आहे. त्या हजारो कोटींतला छोटा वाटा धरणाच्या वरच्या वावरांसाठी ठेवायला काय हरकत आहे?

फायनल इयरला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांसाठी शेवटी कामाची गोष्ट. बांधबंदिस्ती झालेला एक नाला आणि न झालेला एक नाला निवडा. पहिल्या मोठ्या पावसात दोन्हींतून एकेक लिटर पाणी घ्या आणि इमहॉफ शंकूत तासभर ठेवून बसलेला गाळ मोजा. नायट्रेटसाठी दोन्ही शिवारांतल्या पाच-पाच विहिरींचे नमुने मे आणि ऑक्टोबरमध्ये घ्या, बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २२० आणि २७५ नॅनोमीटरला वाचा. निकालाचा कागद आधी विहीरमालकाच्या हाती द्या. पुढच्या वर्षीचा नमुना त्याच्याच विहिरीतून घ्यायचा आहे.