फुलं आमची, फळं कुणाची?

दक्षिण दिल्लीतल्या डीडीए कॉलनीत तळमजल्याचं घर आम्ही झाडांवर भाळून घेतलं. दारात बहावा, कुंपणाशी जांभूळ, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची तुती, समोरच्या पार्कात सावर. तेव्हा सगळी फुलावर होती, किंवा निदान पानांत तरी होती. पुढे जे कळत गेलं ते असं.

१. फुलं पाहुण्यांसाठी असतात, फळं घरच्यांसाठी. मे महिन्यात बहावा पिवळा झाला की पुण्याहून फोटोंची मागणी येते. त्या झुंबरांच्या जागी पुढे हिरव्या शेंगा लटकतात, हातभर लांब होतात, काळ्या पडतात आणि थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टपाटप पडत राहतात. म्हणजे नवी फुलं आणि जुन्या शेंगा एकाच फांदीवर. शेंगा फोटोत येऊ नयेत म्हणून मी किती वाकडी उभी राहते, ते पुण्याला ठाऊक नाही.

२. कचरा म्हणण्याआधी एकदा फोडून पाहावं. बहाव्याची शेंग फरशीवर आपटली की आत नाण्यांची चळत रचावी तशा पातळ चकत्या दिसतात. दोन चकत्यांच्या मध्ये एकेक चपटी, गुळगुळीत बी, आणि चकत्यांना फासलेला काळा, चिकट, गोडसर गर. आयुर्वेदातला आरग्वध तो हाच, सारक म्हणून प्रसिद्ध. त्यामुळे लहान मुलांपासून शेंगा लांब ठेवते. माकडांना मात्र कुणी सांगायचं! गर खाऊन टरफलं व्हरांड्यात टाकायची, हा त्यांचा शिरस्ता.

३. घाण झाड करत नाही, फरशी करते. जांभळाखाली आम्ही हौसेनं कोटा बसवला होता. जूनअखेर फळं पडू लागली की त्यावर जांभळे डाग, त्या डागांवर माश्या, माश्यांवर आमची चिडचिड. ॲसिडनं डाग जातो म्हणतात. पण कोटा हा चुनखडीचा दगड, डागाबरोबर त्याची चकाकीही जाते. कुंपणाकडच्या मातीत पडलेली तीच जांभळं मात्र मुंग्या आणि साळुंक्या परस्पर संपवतात. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतालचं १ मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, ते मुळांना पाणी आणि हवा मिळावी म्हणून. आम्ही फरशी उखडली ती झाडूचा कंटाळा येऊन. मुळांना हेतूशी काय देणंघेणं! आता फळांच्या दिवसांत खाली जुनी चादर अंथरते, सकाळी उन्हं चढायच्या आत चारही टोकं धरून गोळा करते. चांगली जांभळं वाटीत, फुटकी पालापाचोळ्याच्या खड्ड्यात.

४. राहिलेली बी गप्प बसत नाही. बहाव्याच्या बीचं कवच कठीण, ती आपणहून क्वचितच रुजते. जांभळाची बी मात्र पावसाची वाटच पाहत असते. एकीतून दोन-तीन कोंबही येतात, कुंडीत, नाल्याच्या जाळीत, पायरीच्या फटीत. ते लगेच उपटावेत, कारण दिल्लीच्या १९९४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात ‘झाड’ कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे: जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर बुंधा ५ सेंटीमीटर जाड आणि उंची किमान १ मीटर. तिथवर पोचलेलं झाड तोडायला वन विभागाची परवानगी लागते. आमच्या पाण्याच्या मीटरमागे असं एक सज्ञान झालेलं जांभूळ आहे. आम्ही मीटर हलवला.

५. सावरीवरचा आळ खोटा आहे. एप्रिलमध्ये तिची बोंडं फुटून कापूस उडाला की कॉलनीत शिंका सुरू होतात आणि झाड कापा म्हणून अर्ज निघतो. पण तो कापूस म्हणजे परागकण नव्हेत, बी वाहून नेणारे रेशमी धागे आहेत. आणि सावरीचं परागीकरण पक्षी, वटवाघळं करतात, वारा नव्हे. दिल्लीकरांच्या नाकाला छळणाऱ्या परागांत वावळ बरीच वरची. इथे तिला पापडी म्हणतात. तिची फुलं इतकी बारीक की कुणाचं लक्षच जात नाही, म्हणून तिच्याविरुद्ध अर्जही नाही. कापसासाठी मी फक्त कूलरच्या जाळ्या रोज झटकते आणि कपडे आत वाळत घालते.

६. तुतीबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. मार्च-एप्रिलमध्ये शेजारची पोरं भिंतीवर चढतात, तोंडं रंगवून उतरतात, काम झालेलं असतं.

७. आपल्याला जो पसारा वाटतो, त्याचा शहरात लिलाव होतो. अशोका रोड, तुघलक रोडवरची जांभळं नवी दिल्ली वसवताना लावलेली. त्यांच्या फळांचा ठेका नगरपालिका देते. एक माणूस फांदीवर चढून ती हलवतो, खाली चौघं ताडपत्री ताणून उभी. चादरीची युक्ती मी त्यांच्याकडूनच उचलली. तीच फळं पुढे फुटपाथवर काळं मीठ लावून द्रोणातून मिळतात, आणि घरचं झाड ओथंबलेलं असतानाही मी ती घेते.

जूनअखेरीला दिल्लीत असाल तर जरूर या. जांभळं भरपूर आहेत. येताना पांढरे कपडे घालू नका आणि गाडी झाडापासून जरा लांबच लावा.